राणीच्या बागेत जाण्याआधी

(सहलीला जाणे सोपे असते. सहल नीट पार पाडणे तितके सोपे नसते. सर्व कुटुंबासह शहरातील प्राणिसंग्रहालय पाहायला जायचे असेल, तर कोणकोणत्या गोष्टींची आधी माहिती करून घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'प्राणिसंग्रहालय' हा शब्द लांबलचक आहे. पण त्याला घाबरू नका. तो तोडून वाचा. प्राणी म्हणजे जनावरे. संग्रह म्हणजे एकत्र जमवणे. आलय म्हणजे घर. जेथे प्राणी एकत्र ठेवलेले असतात, ते घर म्हणजे प्राणिसंग्रहालय. उर्दूत तुम्ही त्याला 'चिडियाघर' म्हणता.

मुंबईत भायखळा येथे असे एक जुने प्राणिसंग्रहालय आहे. त्याचे नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान'. जिजाबाई म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आई. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. त्या वेळी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचे नाव बागेला दिले होते. म्हणून लोक तिला 'राणीची बाग' म्हणू लागले. पुढे नाव बदलले, तरी लोकांच्या तोंडी अजून तेच नाव आहे. १८७३ साली ही बाग मुंबई नगरपालिकेच्या ताब्यात आली. आज तिची देखभाल बृहन्मुंबई महानगरपालिका करते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'बाग' हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत तो पुल्लिंगी आहे. मराठीत तो बहुधा स्त्रीलिंगी वापरतात. म्हणून 'बाग मोठी आहे', 'बाग बंद होती' असे आपण म्हणतो.

'बाग बंद होती' हे वाक्य मी सहज लिहिले नाही. त्यामागे एक गोष्ट आहे. ती ऐका.

भिवंडीत एक कुटुंब राहते. घरात दादी, अब्बा, अम्मी, नववीत शिकणारी एक मुलगी आणि तिचा सात वर्षांचा भाऊ, अशी पाच माणसे. भाऊ आपल्या बहिणीला 'आपा' म्हणतो. आपणही तिला आपाच म्हणू या. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात. दादींची सत्तरी उलटली आहे. त्यांचे गुडघे दुखतात. लग्नानंतर काही वर्षे त्या मुंबईत मदनपुऱ्यात राहत होत्या. तेथून राणीची बाग जवळ. त्या काळी दादा त्यांना बाग दाखवायला घेऊन जात. आता दादा नाहीत. दादी पुष्कळदा म्हणत, "एकदा ती बाग पुन्हा पाहावी, असे वाटते. तेथे एक दगडाचा हत्ती होता. तो अजून असेल का?"

मे महिन्याच्या सुटीत अब्बांनी एक दिवस रजा घेतली. कारखान्यात रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाही. तरीही ते म्हणाले, "चला, आईची इच्छा पुरी करू." पाचही जण सकाळी निघाले. ऐन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढले. दादींना बसायला जागा मिळाली नाही. भायखळ्याला उतरून, पूल चढून, उन्हातून चालत ते बागेपाशी पोहोचले. फाटक बंद होते. तो बुधवार होता. राणीची बाग बुधवारी बंद असते.

धाकटा भाऊ रडू लागला. अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांनी सर्वांना भाजलेले शेंगदाणे घेऊन दिले. दादी फाटकाच्या गजांतून आत पाहत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "झाडे तीच आहेत. चला." आणि सगळे घरी परतले.

मित्रांनो, यात चूक कोणाची? अब्बांची नाही, दादींची नाही. चूक एवढीच झाली, की निघण्याआधी कोणी विचारलेच नाही. त्या रात्री आपाला झोप येईना. आपण शाळेत जातो, आपल्याला वाचता येते, मग आपण का विचारले नाही, असे तिला वाटले. तिने एक वही घेतली. पहिल्या पानावर पाच शब्द लिहिले : कोण, कधी, कसे, किती, काय. उर्दूतील कौन, कब, कैसे, कितना, क्या यांचेच हे भाऊ. कोणत्याही सहलीची आखणी या पाच शब्दांत मावते. आपाच्या वहीतील एकेक पान आता आपण पाहू.

पहिला प्रश्न : कोण?

'कोण जाणार?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून असतात. आपाने लिहिले : दादी – जिने हळू चढतात, सलग फार चालू शकत नाहीत. भाऊ – गर्दीत हात सोडून पळतो. म्हणजे सहलीचा वेग अब्बांच्या पावलांवर ठरणार नाही. तो दादींच्या पावलांवर ठरेल. तुमच्या घरी तान्हे बाळ असेल, कोणाला नियमित औषध घ्यावे लागत असेल, तर तेही लिहून ठेवा. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्याप्रमाणे आखणी केली, की सगळेच सुखाने पोहोचतात.

दुसरा प्रश्न : कधी?

येथे आपाला बराच विचार करावा लागला. तिची आणि भावाची शाळेची सुटी रविवारी. अब्बांचा कारखाना बंद असतो शुक्रवारी. रविवारी गेले, तर पुन्हा मजुरी बुडणार. शिवाय रविवारी बागेत गर्दी फार. शुक्रवारी गेले, तर शाळा बुडणार. मग दोघांना जमेल असा दिवस कोणता? आपाने दिनदर्शिका काढली. दिवाळीच्या सुटीतला शुक्रवार! त्या दिवशी अब्बाही मोकळे, मुलेही मोकळी.

तुम्हीही वार ठरवताना दोन गोष्टी तपासा. पहिली, बागेची साप्ताहिक सुटी. प्रत्येक प्राणिसंग्रहालय आठवड्यातून निदान एक दिवस बंद ठेवावे, असा नियमच आहे. त्या दिवशी प्राण्यांना विसावा मिळतो आणि पिंजऱ्यांची कामे करता येतात. दुसरी, सणाची सुटी. बुधवारी सार्वजनिक सुटी आली, तर कधी कधी राणीची बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी, हे उत्तम.

वेळेचाही विचार हवा. बाग सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते. सकाळच्या गारव्यात प्राणी हिंडताफिरताना दिसतात. दुपारी ऊन चढले, की वाघ, बिबट्या, अस्वल हे सावलीत पडून झोपतात. मग लोक म्हणतात, "वाघ हलतच नाही!" अहो, भरदुपारी आपण तरी कोठे हलतो? शिवाय शुक्रवार असल्यामुळे अब्बांना एक वाजण्याच्या आत नमाजासाठी जायचे होते. म्हणून आपाने लिहिले : आत जाणे साडेनऊ, बाहेर येणे साडेबारा. तीन तास दादींनाही पुरे होते.

तिसरा प्रश्न : कसे?

राणीच्या बागेला मध्य रेल्वेचे भायखळा हे स्थानक जवळ आहे. बाग स्थानकाच्या पूर्वेला आहे. भिवंडीहून बसने ठाण्याला किंवा कल्याणला जावे लागते आणि तेथून लोकल धरावी लागते. कल्याणहून येणाऱ्या गाड्या सकाळी भरून येतात. परंतु काही धीम्या लोकल ठाण्याहूनच सुटतात. अशी गाडी फलाटावर रिकामी लागते. दादींना बसायला जागा हवी, म्हणून आपाने ठाण्याचा मार्ग निवडला. धीमी गाडी वेळ जास्त घेते. पण उभे राहून लवकर पोहोचण्यापेक्षा बसून सावकाश पोहोचणे दादींना बरे.

परतीचे काय? संध्याकाळी कामावरून सुटलेल्या लोकांची गर्दी असते. म्हणून तीन वाजण्याच्या आत परतीची गाडी धरायची, असे ठरले.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. गर्दीत ताटातूट झाली तर? आपाने भावाला अब्बांचा फोन नंबर पाठ करायला लावला. एका कागदावर नाव आणि नंबर लिहून तो कागद त्याच्या खिशात ठेवला. 'कोणी दिसेनासे झाले, तर इकडेतिकडे पळायचे नाही. तेथेच उभे राहायचे आणि गणवेशातील रखवालदाराला सांगायचे,' हा नियम त्याच्याकडून तीनदा वदवून घेतला.

चौथा प्रश्न : किती?

किती म्हणजे किती पैसे? २०१७ साली महापालिकेने बागेचे दर वाढवले. तेव्हा मोठ्या माणसाला ५० रुपये आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलाला २५ रुपये असा दर ठरला. आई-वडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपयांचे एकत्रित तिकीटही ठेवले. आता हिशोब करा. अब्बा, अम्मी आणि आपा यांचे प्रत्येकी ५० आणि भावाचे २५ धरले, तर १७५ रुपये होतात. एकत्रित तिकीट घेतले, तर तीच चार माणसे १०० रुपयांत जातात. ७५ रुपये वाचले! दादींचे ५० धरून एकूण १५० रुपये. दर पुढे-मागे बदलतात. म्हणून तिकिटाच्या खिडकीवरील फलक आधी वाचा. कुटुंबाचे तिकीट, मुलांच्या वयाची अट, वृद्धांना सवलत यांविषयी नम्रपणे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता जास्त पैसे देण्यात मात्र शहाणपणा नाही.

बस, लोकल, तिकिटे आणि चहापाणी यांचा खर्च आपाने एकाखाली एक लिहिला. शेवटी 'अचानक लागले तर' असे लिहून थोडे पैसे वेगळे धरले. तो हिशोब पाहून अब्बा हसले. ते म्हणाले, "आमच्या मुकादमालाही इतका चोख हिशोब येत नाही!"

पाचवा प्रश्न : काय?

काय बरोबर घ्यायचे आणि काय पाहायचे? पाण्याच्या बाटल्या, पोळी-भाजीचा डबा, दादींचे औषध, डोक्याला रुमाल आणि एक जुनी चादर. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत; कापडी पिशवी बरी. डबा कोठे खाता येईल, हे फाटकावर विचारून घ्यावे.

पाहण्याचा क्रमही तिने ठरवला. वाघ, बिबट्या, अस्वल हे प्राणी सकाळी आधी. पेंग्विन मागून. पेंग्विनच्या दालनात हवा दिवसभर थंडच ठेवलेली असते, म्हणून तेथे उशिरा गेले तरी चालते. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर. तेथील समुद्राचे पाणी थंड असते. २०१६ साली दक्षिण कोरियातील सोल शहरातून आठ पेंग्विन मुंबईत आणले. त्यांपैकी एक त्याच वर्षी दगावला. २०१७ साली हे दालन लोकांसाठी उघडले. पुढे येथे पिल्लेही जन्मली आणि वाढली.

मित्रांनो, आखणी झाली. आता सहल कशी झाली, तेही ऐका.

दिवाळीच्या सुटीतला शुक्रवार उजाडला. आदल्या दिवशी आपाने बाग उघडी असल्याची खात्री करून घेतली होती. सात वाजता सगळे घराबाहेर पडले. ठाण्याला दादींना खिडकीजवळची जागा मिळाली. बागेपाशी आले, तेव्हा फाटक उघडे होते. भाऊ टाळ्या वाजवू लागला.

आत गेल्यावर भावाने एकेक फलक मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि गंमतच झाली. एका फलकावर 'तरस' असे लिहिले होते. तो म्हणाला, "आपा, कोणाचा तरस?" उर्दूत 'तरस' म्हणजे दया. मराठीत मात्र तरस म्हणजे लकडबग्घा! पुढे तो म्हणाला, "बंदर कोठे आहे?" जवळ उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "बंदर होय? ते पलीकडे माझगावला आणि भाऊच्या धक्क्याला, बाळ." कारण मराठीत बंदर म्हणजे जहाजे लागण्याची जागा. उर्दूतील बंदराला मराठीत माकड किंवा वानर म्हणतात. उर्दूत वाघालाही 'शेर' म्हणतात आणि सिंहालाही 'शेर' म्हणतात. मराठीत तसे चालत नाही. अंगावर पट्टे असलेला तो वाघ आणि मानेवर आयाळ असलेला तो सिंह. अंगावर पट्टे नसून ठिपके असतील, तर तो बिबट्या. मोर मात्र दोन्ही भाषांत मोरच!

हरणांच्या कुंपणापाशी भावाने डब्यातील पोळी काढली. एक ठिपकेदार हरीण जवळ आले होते. आपाने त्याचा हात धरला. तो रुसला. म्हणाला, "त्याला भूक लागली असेल ना?"

तुमच्याही मनात हा प्रश्न येईल. त्याचे उत्तर नीट समजून घ्या. हरीण हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटाचे चार कप्पे असतात. ते पोट गवत आणि पाला पचवण्यासाठी असते. पोळी, पाव, भात असे पदार्थ फार खाल्ले, तर पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि हरीण मरूही शकते. खाऊबरोबर प्लास्टिकची पिशवी पोटात गेली, तर ती पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. आपण प्रेमाने दिलेला घास त्याच्या जिवावर बेतू शकतो. प्रत्येक प्राण्याला त्याचे योग्य अन्न मोजून दिले जाते. प्राण्यांना खाऊ घालणे, त्यांना चिडवणे, गोंगाट करून त्रास देणे, तेथे कचरा टाकणे हे सर्व वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हे आहेत.

आपाने हे सारे भावाला थोडक्यात सांगितले. त्याने पोळी पुन्हा डब्यात ठेवली. तो हरणाला म्हणाला, "तू गवतच खा हं!"

पेंग्विन पाहून झाले. दादी आता थकल्या होत्या. आपाने एका मोठ्या झाडाखाली चादर अंथरली. या बागेत देशोदेशींची जुनी झाडे आहेत. जाड बुंध्याची गोरखचिंच आहे. खोडालाच फुले येणारा कैलासपती आहे. नुसती झाडे पाहायला येणारे लोकही पुष्कळ असतात. थोडा विसावा घेतल्यावर सगळे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाकडे वळले. हे संग्रहालय बागेला लागूनच आहे. आणि तेथे, त्याच्या आवारात, दादींना हवा होता तो हत्ती उभा होता.

हा काळ्या दगडाचा प्रचंड हत्ती मूळचा मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्याला पाहूनच त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८६४ साली इंग्रजांनी तो परदेशी नेण्याचा प्रयत्न केला. उचलताना तो खाली पडून फुटला. मग त्याचे तुकडे या बागेत आणले. पुढे १९१४ साली ते तुकडे जोडून हत्ती पुन्हा उभा केला. नीट पाहिले, तर त्याच्या अंगावर सांधे दिसतात.

दादी त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तुमचे दादा येथेच उभे राहायचे. म्हणायचे, जिवंत हत्ती एक दिवस जाईल. हा जाणार नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले. भावाने त्यांचा हात घट्ट धरला. त्या दिवशी तो हात सोडून एकदाही पळाला नाही.

साडेबाराला सगळे बाहेर पडले. अब्बा नमाजासाठी गेले. परतल्यावर सर्वांनी डबा खाल्ला. तीनच्या आत गाडी मिळाली आणि दादींना बसायला जागाही मिळाली. गाडीत अब्बा म्हणाले, "मे महिन्यात मजुरी बुडाली, तिचे मला दुःख नव्हते. आईला बंद फाटक दाखवून परत आणले, याचे होते. आज ते दुःख गेले."

मित्रांनो, आपाने काही मोठे काम केले असे तुम्हाला वाटणार नाही. तिने फक्त पाच प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे लिहून ठेवली. परंतु घरातील मोठी माणसे दिवसभर कामात असतात. अशी विचारपूस करणे, फलक वाचणे, हिशोब लिहिणे ही कामे तुम्ही करू शकता. तुम्ही शाळेत शिकता, त्याचा घराला याहून चांगला उपयोग कोणता? पुढच्या सुटीत तुमच्या घरची सहल निघेल, तेव्हा वही तुम्ही हातात घ्या. आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाला आधी विचारा, "तुम्हाला काय पाहायचे आहे?"

शब्दार्थ

उद्यान – बाग. रजा – कामावरून घेतलेली सुटी. आखणी – आधी केलेली योजना. ताटातूट – एकमेकांपासून दूर होणे. सवलत – किमतीत दिलेली सूट. मुकादम – कामगारांवर देखरेख करणारा. आयाळ – मानेवरचे लांब केस. रवंथ करणे – गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चघळणे. जिवावर बेतणे – मरणाचे संकट येणे. विसावा – विश्रांती.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राणीची बाग कोणत्या वारी बंद असते?
(आ) दादींना बागेत काय पाहायचे होते?
(इ) आपाने ठाण्याचा मार्ग का निवडला?

२. कारणे सांगा.
(अ) हरणाला पोळी देऊ नये.
(आ) वाघ, बिबट्या हे प्राणी सकाळी पाहावेत.

३. पुढील शब्दांचा उर्दूतील अर्थ व मराठीतील अर्थ लिहा.
तरस, बंदर

४. 'कोण, कधी, कसे, किती, काय' हे प्रश्न वापरून तुमच्या कुटुंबाच्या एका सहलीची आखणी दहा ओळींत लिहा.